मैलाचे दगड आणि वाटेवरच्या सराया : लँकेस्टर टर्नपाइकची हकीकत

कोणत्याही देशाचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष बहुधा लढाया, तह आणि राजकारणी पुरुष यांवर खिळून राहतें. त्या लढायांस लागणारा दाणागोटा ज्या वाटेनें गेला, किंवा त्या पुरुषांनीं प्रवासांत ज्या सराईंत रात्र काढली, तिची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक रस्ता हीसुद्धां राष्ट्राच्या जीवनाची एक बखरच आहे. मात्र ती वाचण्याची दृष्टि पाहिजे. प्रस्तुत लेखांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशाच एका जुन्या रस्त्याची हकीकत विद्यार्थ्यांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत फिलाडेल्फिया शहरापासून लँकेस्टर या गांवापर्यंत गेलेला ६२ मैलांचा हा रस्ता. त्याच्या कडेचे मैलाचे दगड आणि त्यांच्या सोबतीनें उभ्या राहिलेल्या सराया यांचा विचार करीत गेलें असतां, एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांमध्यें व्यवहाराचा विश्वास कसा निर्माण होतो, या मोठ्या प्रश्नाचें थोडेंबहुत उत्तर हातीं लागतें.

रस्त्याची गरज

१७८३ सालच्या तहानें इंग्लंडनें अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें. पुढें १७९० पासून १८०० पर्यंत फिलाडेल्फिया ही या नव्या राष्ट्राची राजधानी होती. तिच्या पश्चिमेस लँकेस्टरचा सुपीक मुलूख पसरलेला होता व तेथें जर्मन वंशाचे कष्टाळू शेतकरी मोठ्या संख्येनें वसले होते. गहू, पीठ, धान्यापासून काढलेली व्हिस्की, लोखंड असा माल त्यांना शहरांत आणावयाचा असे. आणि परततांना मीठ, कापड व परदेशांतून आलेल्या जिनसा न्यावयाच्या असत. जुनी वाट होती ती मातीची. हिवाळा संपून बर्फ वितळूं लागलें, कीं तिजवर इतका चिखल होई कीं भरलेल्या गाड्यांचीं चाकें तुंब्यापर्यंत रुतून बसत.

याशिवाय फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांना दुसरी एक धास्ती होती. लँकेस्टरच्या पलीकडून वाहणारी सस्केहॅना नदी दक्षिणेकडे जाऊन चेसापीक उपसागरास मिळते. या पाण्याच्या उताराबरोबर आंतल्या मुलुखाचा सारा व्यापार बाल्टिमोर बंदराकडे वळेल व आपलें शहर मागें पडेल, हें त्यांना स्पष्ट दिसत होतें. निसर्गानें उतार दुसरीकडे दिला असतां व्यापार आपल्याकडे ओढावयाचा, तर चांगला रस्ता बांधण्यावांचून गत्यंतर नव्हतें. परंतु युद्धामुळें कर्जबाजारी झालेल्या सरकारजवळ त्यासाठीं पैसा कोठून असणार? तेव्हां हें काम एका खासगी कंपनीकडे सोंपवावें, तिनें स्वतःच्या भांडवलानें रस्ता बांधावा, आणि जो रस्ता वापरील त्याजकडून पथकर घेऊन खर्च भरून काढावा, अशी योजना पुढें आली.

कायदा आणि करार

९ एप्रिल १७९२ रोजीं पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळानें या कंपनीस सनद देणारा कायदा मंजूर केला. प्रत्येकी ३०० डॉलरचे १,००० भाग काढण्यांत आले. आणि भाग घेणाऱ्यांची गर्दी इतकी झाली, कीं अखेर चिठ्ठ्या टाकून निवड करावी लागली. विल्यम बिंगहॅम हा धनाढ्य व्यापारी कंपनीचा अध्यक्ष झाला. १७९५ पर्यंत रस्ता पुरा झाला. त्यास सुमारें ४,६५,००० डॉलर, म्हणजे मैलास सरासरी ७,५०० डॉलर खर्च आला. खडी घालून पक्का केलेला इतक्या लांबीचा रस्ता त्या देशांत यापूर्वीं झाला नव्हता. मॅकॅडम या स्कॉटिश इंजिनियरची सुप्रसिद्ध पद्धति अमेरिकेंत प्रथम वापरली गेली ती मेरीलंड संस्थानांतील एका रस्त्यावर, १८२३ सालीं. त्याच्या कितीतरी आधींची ही गोष्ट आहे.

या कायद्याचीं कलमें लक्षपूर्वक वाचण्यासारखीं आहेत. रस्त्याची जागा निदान ५० फूट रुंद असावी. त्यांपैकीं निदान २१ फूट रुंदी लांकूड, दगड, रेव किंवा तत्सम कठीण पदार्थांनीं पक्की केलेली असावी. आणि चढ कोठेंही चार अंशांहून अधिक नसावा, असें बंधन घातलेलें होतें. वाहनांनीं रस्त्याच्या उजव्या बाजूनें जावें, असाही नियम याच कायद्यांत आढळतो. अमेरिकेंतील गाड्या आज उजवीकडून चालतात. त्या प्रघातास कायद्याचें रूप देणारें पहिलें पाऊल बहुधा हेंच होय.

कंपनीस पथकर घेण्याचा अधिकार मिळाला खरा, परंतु तो सरसकट नव्हे. रस्त्याचे दहा मैल पुरे झाले कीं गव्हर्नरनें पाहणीसाठीं माणसें नेमावीं, त्यांनीं काम पसंत केल्यावरच त्या टप्प्यावर नाके बसवावे, असें ठरलें होतें. पुढें रस्ता नादुरुस्त राहिला व तशी तक्रार शाबीत झाली, तर दुरुस्ती होईपर्यंत नाक्यावर कर मागूं नये, हेंही कायद्यानें सांगितलें होतें. म्हणजे कर हा कंपनीचा जन्मसिद्ध हक्क नसून चांगल्या रस्त्याचें तें मोल होतें. माल द्याल तर दाम मिळेल, एवढाच त्याचा अर्थ.

‘टर्नपाइक’ हा शब्दही या नाक्यांवरूनच पडला. पाइक म्हणजे भाला किंवा दांडा. वाट अडविण्यासाठीं आडवा ठेवलेला दांडा कर दिल्यावर फिरवून बाजूस करीत. म्हणून तो टर्नपाइक, आणि त्यावरून सबंध रस्त्याचेंच तें नांव झालें. कराचे दर दहा मैलांच्या हिशेबानें ठरविलेले असत. वीस मेंढ्या हांकीत नेणाऱ्यास डॉलरचा आठवा हिस्सा, तर वीस गुरें नेणाऱ्यास चौथा हिस्सा द्यावा लागे. मालगाडीचा कर घोड्यांच्या संख्येवर अवलंबून असे. परंतु त्यांत एक मर्म होतें. ज्या गाडीचीं चाकें रुंद, तिला कर कमी. अरुंद चाक रस्त्यास सुरीप्रमाणें कापतें, तर रुंद चाक रुळाप्रमाणें खडी दाबून बसवितें. रस्त्याचें नुकसान करणाऱ्यानें अधिक भरावें आणि त्याचें हित करणाऱ्यास सूट मिळावी, हें तत्त्व किती साध्या रीतीनें अमलांत आणलें होतें पाहा!

मैलाचा दगड

आतां मैलाच्या दगडांकडे वळूं. रस्त्याच्या कडेस दर मैलावर अंतराचा आकडा कोरलेला दगड उभा करणें, हें कंपनीच्या मर्जीवर सोडलेलें नव्हतें. तें तिचें कायदेशीर कर्तव्य होतें. प्रथमदर्शनीं ही बाब क्षुल्लक वाटते. वाटसरूची सोय, एवढाच त्याचा हेतु असावा असें कोणासही वाटेल. परंतु पथकर मैलांच्या हिशेबानें घेतला जात होता, हें ध्यानीं घेतलें म्हणजे दगडाचें खरें महत्त्व कळतें. वाण्याच्या दुकानांत तागडी जशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें टांगलेली असावी लागते, तसा हा दगड. आपण किती मैल आलों हें नाकेदारानें सांगावें आणि प्रवाशानें मान डोलवावी, असा प्रकार तेथें उरला नाहीं. अक्षरशत्रु गुराखीसुद्धां वाटेनें दगड मोजीत येऊं शकत होता, आणि दहांचा हिशेब त्याला बोटांवर करतां येत होता. कराराचा एक भाग सनदेच्या कागदावर राजधानींत होता. दुसरा भाग उघड्या रस्त्यावर, ऊनपावसांत, सर्वांस दिसेल असा उभा होता.

अशा दगडांची आवड त्या प्रांतांत आधींपासूनच होती. बेंजामिन फ्रँक्लिन यानें मित्रांच्या साहाय्यानें १७५२ सालीं फिलाडेल्फियांत घरांच्या आगीच्या विम्याची एक संस्था काढली होती. तिच्या सभांना उशिरा येणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या संचालकांस दंड होत असे. या दंडाच्या शिलकेंतून संस्थेनें पुढें ट्रेंटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैलाचे दगड बसविले. संचालकांच्या आळसाचा असा लोकोपयोगी शेवट झाल्याचें उदाहरण विरळाच!

दगडाचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. त्याला कोणाचाही फायदा-तोटा पाहावयाचा नसतो. नाकेदारास कर हवा असतो. सराईवाल्यास गिऱ्हाईक हवें असतें. घोडा थकलेला असला म्हणजे गाडीवानाचें मनही त्याला फसवितें आणि गांव जवळ आला असें सांगतें. दगड मात्र जें अंतर आहे तेंच सांगतो. रात्रीं थंडीवाऱ्यांत अडकलेल्या परक्या माणसास या खरेपणाचा केवढा आधार वाटत असेल!

गाड्या आणि गाडीवान

या रस्त्याचे खरे धनी म्हणजे कॉनेस्टोगा नांवाच्या प्रचंड मालगाड्या. त्यांचा तळ होडीप्रमाणें मध्यें खोलगट व दोन्ही टोकांस उचललेला असे. त्यामुळें चढउतारावर माल घसरत नसे. वर पांढऱ्या किंतानाचें छत, अंगास निळा रंग, चाकांस तांबडा, आणि ओढावयास बहुधा सहा घोडे. घोड्यांच्या खांद्यांवर घंटांच्या कमानी असत. गाडी कोठें रुतून बसली आणि दुसऱ्या गाडीवानानें येऊन ती सोडविली, तर आपल्या घंटा त्यास देऊन टाकाव्या असा प्रघात होता. म्हणून सर्व घंटा वाजवीत मुक्कामास पोंचणें हें गाडीवानास भूषणाचें वाटे. गाडींत त्याची बैठक नसे. तो डाव्या अंगास चालत असे, किंवा डाव्या बाजूच्या मागच्या घोड्यावर बसे.

या गाड्यांचें नांव लँकेस्टरजवळच्या कॉनेस्टोगा खोऱ्यावरून पडलें; आणि तेंच नांव तेथील मूळच्या एका लहानशा लोकसमूहाचेंही होतें. डिसेंबर १७६३ मध्यें पॅक्स्टन येथील सशस्त्र वसाहतवाल्यांच्या टोळीनें आधीं त्यांच्या वस्तीवर हल्ला करून सहा जणांस मारिलें. आणि संरक्षणासाठीं लँकेस्टर गांवांत ठेवलेल्या उरलेल्या चौदा जणांस, बायकामुलांसह, कांहीं दिवसांनीं ठार केलें. त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं हा सुंदर रस्ता झाला व कॉनेस्टोगा हें नांव गाड्यांबरोबर देशभर गाजलें. ज्यांचें तें नांव होतें ते मात्र उरले नव्हते. रस्त्याचा गौरव करतांना ही गोष्ट आम्हांस वगळतां येत नाहीं. परक्यांमध्यें विश्वास निर्माण करणाऱ्या या वाटेच्या टोकाशींच विश्वासघाताचीही खूण आहे, आणि तिजवर कंपनीचा कोणताही दगड उभा नव्हता.

वाटेवरच्या सराया

भरलेली कॉनेस्टोगा गाडी दिवसास सुमारें पंधरा मैल चाले. म्हणजे ६२ मैलांच्या प्रवासास चार-पांच दिवस लागत. गाड्यांची रांग मोठी. प्रत्येकीला सहा घोडे. त्या साऱ्यांस दाणावैरण, पाणी व निवारा पाहिजे. हा हिशेब केला म्हणजे ‘मैलागणिक सराई’ अशी या रस्त्याची ख्याति कां झाली, हें सहज समजतें. या सरायांस तेथें टॅव्हर्न म्हणत. आपल्याकडील धर्मशाळेहून त्यांचा प्रकार निराळा. तेथें निवारा, जेवण आणि मद्य हीं सर्व मोल घेऊन मिळत, आणि ती चालविण्यास सरकारी परवाना लागे.

सरायांतही दर्जे असत. टपालगाडीनें येणाऱ्या प्रतिष्ठित उतारूंच्या सराया उत्तम. तेथें बिछाने, चांगलें जेवण, वाचावयास वर्तमानपत्रें. त्यांच्या खालीं गाडीवानांच्या सराया. त्यांना मोठें आवार असे. गाडीवान आपली वळकटी बरोबर बाळगी आणि रात्रीं मद्यगृहाच्या जमिनीवर, विस्तवाकडे पाय करून, इतरांच्या रांगेंत निजे. गुरें हांकणाऱ्यांच्या सराया आणखी वेगळ्या, कारण त्यांना कोंडवाडे व कुरणें लागत. या सर्व ठिकाणीं बातम्यांची देवघेव होई, पत्रें ठेवलीं जात, लिलांव पुकारले जात, निवडणुकींचे वाद रंगत. मद्यपानानें कित्येकांची कमाई तेथेंच संपे, हेंही खरेंच.

वाटसरूंत पुष्कळांना वाचतां येत नसे, आणि ज्यांना येई त्यांतही कोणास इंग्रजी, तर कोणास केवळ जर्मन. म्हणून सराईची खूण म्हणजे तिच्या दारावरील रंगविलेली पाटी. पांढरा घोडा, जहाज, हरिण, पंख पसरलेला गरुड अशीं चित्रें पाहून गाडीवान मुक्काम ओळखी. या पाट्यांवर राजकारणाचेही रंग चढत. एक उदाहरण फार मनोरंजक आहे. १७४५ च्या सुमारास निघालेल्या एका सराईस प्रथम व्हर्नन या इंग्रज आरमारी सरदाराचें नांव होतें. थोड्याच वर्षांत वॉरन नांवाचा दुसरा आरमारी सरदार लोकप्रिय झाला व सराई ‘अ‍ॅडमिरल वॉरन’ झाली. पुढें स्वातंत्र्ययुद्ध झालें; इंग्रज सरदाराचें नांव मिरविणें अवघड झालें. परंतु १७७५ सालीं बंकर हिलच्या लढाईंत पडलेला अमेरिकन सेनानीही योगायोगानें वॉरनच होता. तेव्हां ‘अ‍ॅडमिरल’ जाऊन ‘जनरल’ आला, आणि त्याच सराईची निष्ठा थोड्याशा रंगानें एका राष्ट्राकडून दुसऱ्याकडे वळली! १७८६ सालीं कॅस्पर फानेस्टॉक या जर्मन गृहस्थानें ती विकत घेतली, तेव्हांपासून लँकेस्टरकडील गाडीवानांचें तें आवडतें ठिकाण झालें. ही इमारत माल्व्हर्न येथें अद्यापि उभी आहे.

तिच्याजवळच पाओली नांवाची दुसरी प्रसिद्ध सराई होती. कॉर्सिका बेटाच्या स्वातंत्र्यासाठीं झगडणाऱ्या पास्काल पाओली या वीराचें नांव तिला दिलेलें होतें. युरोपांतील एका लहान बेटावरच्या देशभक्ताचें नांव अमेरिकेंतील खेड्याच्या पाटीवर झळकावें, यावरून त्या काळच्या लोकांच्या मनाचा कल कोठें होता हें दिसतें. १७७७ च्या सप्टेंबर महिन्यांत या सराईच्या परिसरांत इंग्रज सैन्यानें रात्रीच्या काळोखांत अमेरिकन छावणीवर संगिनींनीं हल्ला केला; तो प्रसंग ‘पाओलीची कत्तल’ या नांवानें ओळखला जातो.

उतरती कळा

१८३४ सालीं फिलाडेल्फियापासून लँकेस्टरवरून कोलंबियापर्यंत ८२ मैलांची आगगाडी सुरू झाली आणि चाळीस वर्षांची ही भरभराट ओसरूं लागली. चार-पांच दिवसांचा प्रवास आतां कांहीं तासांत होऊं लागल्यावर रात्रीच्या मुक्कामाचें कारणच राहिलें नाहीं. घंटांचा नाद हळूहळू मंदावला. कित्येक सराया घरें झाल्या, कित्येक पडल्या. पाओलीची सराई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगींत नाहींशी झाली. कंपनीनें रस्त्याचे तुकडे विकावयास काढले. १८८० सालीं फिलाडेल्फियाकडील भाग विकत घेणाऱ्या मंडळींत प्रमुख होता तो कॅसॅट, म्हणजे रेल्वे कंपनीचाच एक अधिकारी! १९१७ सालीं हा भाग संस्थानानें घेतला व तेथील नाके कायमचे उठले. तोंवर मोटारींचें युग आलें होतें. १९१३ मध्यें जाहीर झालेल्या लिंकन महामार्गांत हा रस्ता सामील झाला, आणि १९२६ पासून त्याचा पुष्कळसा भाग संयुक्त संस्थानांच्या ३० क्रमांकाच्या राजमार्गांत मोडतो.

मग मागें काय उरलें? कंपनी गेली, पथकर गेला, गाड्या पदार्थसंग्रहालयांत गेल्या. परंतु सरायांचीं नांवें गांवांस चिकटून राहिलीं. पाओली हें आज रेल्वेचें स्टेशन असलेलें चांगलें मोठें गांव आहे. तेथें रोज उतरणाऱ्या हजारों लोकांपैकीं सराईची पाटी कोणीही पाहिलेली नाहीं. मैलाचे दगड पुष्कळसे रस्ता रुंद करतांना उखडले गेले, कांहीं झिजले, कांहीं गाडले गेले. तथापि थोडे अजून मोटारींच्या धुरांत, भिंतीच्या आडोशास तग धरून आहेत. त्यांचा आकडा आतां कोणास लागत नाहीं. तरी तो खोटाही ठरलेला नाहीं. कारण वाहन बदललें म्हणून अंतर बदलत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं या हकीकतींतून काय घ्यावें? आमच्या मतें एवढेंच, कीं सार्वजनिक कामाचा टिकाऊपणा केवळ खडीवर अवलंबून नसतो. घेणारा आणि देणारा या दोघांनाही दिसेल असें माप रस्त्यावर उभें केलें, नादुरुस्त रस्त्याचा कर माफ केला, आणि परक्याला रात्रीं दार उघडणारें एक घर दर मैलावर राहिलें. म्हणून हजारों अनोळखी लोक या वाटेनें निर्धास्तपणें गेले. आपल्या देशांत आतां अंतर किलोमीटरनें मोजतात. तरीही आयुष्यांतील महत्त्वाच्या टप्प्यास आपण ‘मैलाचा दगड’ म्हणतों. पुढच्या वेळीं तो शब्द लिहितांना, रस्त्याच्या कडेस उभा राहून गुराख्याला त्याचा खरा हिशेब सांगणारा तो अबोल दगड विद्यार्थ्यांनीं डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे शब्दाचा अर्थ अधिक भरीव होईल.